जन्माआधीचं वादळ

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमधल्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला आणि भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. तो झेल आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्या वेळी मैदानापासून हजार किलोमीटरहून अधिक पूर्वेला, उघड्या समुद्रावर, एक वादळ झपाट्याने वाढत होतं. आदल्याच दिवशी त्याचं बारसं झालं होतं, नाव बेरिल. सामना संपल्यावर काही तासांतच त्याचं हरिकेन झालं. मग विमानतळ बंद झाला, विजेता संघ हॉटेलात अडकून पडला आणि मरिन ड्राइव्हवरची मिरवणूक निघायला ४ जुलैची संध्याकाळ उजाडली.

बेरिल बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेलं. १ जुलैला ते ग्रेनाडाच्या कारियाकू या छोट्या बेटावर चौथ्या श्रेणीचं हरिकेन म्हणून आदळलं आणि बेटावरच्या बहुतेक घरांची नासधूस झाली. पुढच्या चोवीस तासांत ते पाचव्या श्रेणीला पोचलं. अटलांटिकच्या नोंदींत इतक्या लवकर, म्हणजे जुलैच्या दुसऱ्याच दिवशी, पाचवी श्रेणी गाठणारं हे पहिलं वादळ.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जूनचा शेवटचा आठवडा सुरू झाला तेव्हा बेरिल नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्राकडे सरकणारे काही पावसाळी ढग होते आणि वाऱ्याच्या दिशेत थोडासा बदल होता. असे ढग तिथून पूर्वीही गेले होते, नंतरही गेले. तरीही मायामीत बसलेल्या काही माणसांनी नेमक्या त्या ढगांभोवती नकाशावर एक रंगीत वर्तुळ काढलं होतं. ते वर्तुळ कशाच्या आधारावर काढतात, याचा शोध घेऊ लागलं की सहारापर्यंत मागे जावं लागतं.

उन्हाळ्यात सहारा वाळवंट भयंकर तापतं, हवेचं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं. त्याच वेळी दक्षिणेला, गिनीच्या आखाताकडून, पावसाळ्याची दमट आणि तुलनेने गार हवा आत शिरत असते. उत्तर गोलार्धात सहसा दक्षिणेला उष्णता आणि उत्तरेला गारवा असतो, त्यामुळे जसजसं वर जावं तसतसे वारे पश्चिमेकडून जोर धरतात. पश्चिम आफ्रिकेवर हा हिशेब उलटा होतो. उत्तरेला भट्टी आणि दक्षिणेला गारवा, म्हणून जमिनीपासून साधारण तीन-चार किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वाऱ्याचा एक जोरदार झोत तयार होतो. हा झोत सरळ वाहत नाही, तो हेलकावतो. सुदानमधल्या दारफूरचे डोंगर, इथिओपियाचं पठार इथे दुपारनंतर मोठमोठे गडगडाटी ढग उभे राहतात. त्यांनी हवेला दिलेला धक्का या झोतात उमटतो आणि पश्चिमेकडे सरकताना वाढत जातो.

हीच ती आफ्रिकन ईस्टर्ली वेव्ह. एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंत दोन ते अडीच हजार किलोमीटर अंतर असतं. दर तीन ते पाच दिवसांनी एक, अशा वर्षाला साठेक लाटा सेनेगलच्या किनाऱ्यावरून अटलांटिकवर उतरतात. लाट म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीतरी भव्य येतं, पण डाकार शहरात राहणाऱ्याला ती गेल्याचं कळेलच असं नाही. वारा ईशान्येकडून येत होता, तो काही तासांत आग्नेयेकडून येऊ लागतो. दाब किंचित उतरतो आणि पुन्हा चढतो, एखादी जोराची सर येऊन जाते. डाकारच्या हवामान केंद्रावरून सोडलेल्या फुग्याच्या नोंदीत मात्र दिशेचा तो बदल स्पष्ट दिसतो. मायामीतला तज्ज्ञ त्या नोंदीवरून नकाशावर उत्तर-दक्षिण अशी एक रेघ ओढतो आणि ती रेघ रोज थोडी थोडी पश्चिमेला सरकवत नेतो.

उपग्रहांच्या आधी हे ओळखणं किती अवघड असेल! १९४० मध्ये गॉर्डन डन या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने कॅरिबियन बेटांवरच्या वायुदाबमापकांच्या नोंदी जुळवून पाहिल्या. दाब कमी-जास्त होण्याचा एक पट्टा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, शिस्तीत, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतोय हे त्याच्या लक्षात आलं. काही वर्षांनी हर्बर्ट रील याने या लाटांची अंतर्रचना मांडली. उपग्रहांची चित्रं येऊ लागल्यावर नील फ्रँक याला समुद्रावरच्या ढगांच्या रांगांत उलट्या इंग्रजी व्ही अक्षराचा आकार दिसला. डनने नुसत्या दाबाच्या आकड्यांतून जे ताडलं होतं, ते आता डोळ्यांना दिसत होतं.

तर वर्षाला साठेक लाटा. त्यांतल्या बहुसंख्य कॅरिबियनमध्ये पाऊस पाडतात आणि संपतात. पण तिसऱ्या श्रेणीचं किंवा त्याहून मोठं हरिकेन अटलांटिकमध्ये झालं, तर त्याचं मूळ अशाच एखाद्या लाटेत असण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के असते. मग या साठांतली कोणती लाट वादळ होणार, हाच या सगळ्या पहाऱ्याचा गाभा आहे.

काय काय जुळून यावं लागतं, हे विल्यम ग्रे या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये जगभरच्या नोंदी तपासून सांगितलं. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून उष्ण हवं. त्याची वाफ वर जाते, ढगात तिचं पुन्हा पाणी होतं आणि वाफ होताना पाण्याने शोषलेली उष्णता तिथे, उंचावर, मोकळी होते. ढगांच्या पुंजक्याच्या मधली हवा तापते, खालचा दाब उतरतो, आजूबाजूची हवा आत ओढली जाते, वारा वाढतो, आणि वाढलेला वारा समुद्रातून आणखी वाफ उचलतो. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःच स्वतःला पोसतं. पण आत येणारी हवा वळून गोल फिरायला हवी. ते वळण पृथ्वीच्या फिरण्यामुळे मिळतं आणि विषुववृत्तावर ते मिळत नाही. म्हणून विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांच्या पट्ट्यात वादळं जवळपास जन्मतच नाहीत, पाणी कितीही कोमट असो.

मधल्या थरांतली हवा दमट हवी. इथे सहारा पुन्हा समोर येतो, या वेळी विरोधक म्हणून. ज्या वाळवंटाच्या उष्णतेने लाट जन्मते, त्याच वाळवंटातून कोरड्या, धुळीने भरलेल्या हवेचे प्रचंड थर समुद्रावर येतात. दीड ते पाच-सहा किलोमीटर उंचीवरची ही हवा ढगांत शिरली की त्यांतलं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि ढग कोसळतात. जून २०२० मध्ये अशी धूळ थेट कॅरिबियन आणि अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत पोचली होती, तिथलं आकाश दुधी झालं होतं. वादळाची आई आणि त्याची वैरीण एकाच वाळूत असावी, ही गोष्ट मी कितीदा वाचली तरी मला थक्क करते.

धुळीच्या या समुद्रातून एखादी लाट सुखरूप कशी जाते, याचं एक सुंदर उत्तर २००९ मध्ये डंकरटन, माँटगोमेरी आणि वांग या तिघांनी दिलं. लाटेच्या आत, जिथे लाटेचा वेग आणि आतल्या वाऱ्याचा वेग सारखा होतो तिथे, हवेचा एक बंदिस्त कोपरा तयार होतो. त्यातली हवा बाहेर जात नाही, बाहेरची कोरडी हवा सहज आत येत नाही. त्यात पाऊस पडून पडून ओलावा साठतो आणि लहान लहान भोवरे एकमेकांत मिसळत जातात. कांगारूचं पिल्लू आईच्या पिशवीत वाढतं, तसं वादळ या पिशवीत वाढतं, असं त्यांनी म्हटलं आणि शास्त्रीय लेखनातही ‘पाऊच’ हाच शब्द रुळला. आता उपग्रहाचं चित्र पाहताना तज्ज्ञ ढगांइतकंच या न दिसणाऱ्या पिशवीकडे लक्ष देतात.

शेवटची अट वाऱ्यांची. खालचा वारा एका दिशेला आणि दहा-बारा किलोमीटरवरचा दुसऱ्या दिशेला किंवा फार वेगाने वाहत असेल, तर ढगांचा उभा खांब तिरपा होतो, वर साठलेली उष्णता मध्यापासून दूर वाहून जाते आणि सगळं विस्कटतं. याला विंड शिअर म्हणतात. एल निनोच्या वर्षी अटलांटिकवर हा शिअर वाढतो आणि हरिकेन कमी होतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या त्याच ग्रे यांनी हा संबंध दाखवून १९८४ पासून संपूर्ण मोसमाचे अंदाज द्यायला सुरुवात केली.

बेरिलच्या वेळी जूनमध्येच समुद्र सप्टेंबरइतका तापलेला होता. एरवी अटलांटिकचा मोसम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास येतो, कारण पाणी तापायला अख्खा उन्हाळा लागतो. जूनमध्ये त्या भागातून जाणाऱ्या लाटा सहसा विरून जातात. बेरिल मात्र डिप्रेशनपासून, म्हणजे वादळाच्या पहिल्या, दुबळ्या पायरीपासून, तिसऱ्या श्रेणीपर्यंत ४२ तासांत पोचलं.

मायामीत फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाच्या आवारात नॅशनल हरिकेन सेंटर आहे. १५ मेपासून मोसम संपेपर्यंत तिथून दिवसातून चार वेळा एक पत्रक निघतं: पुढच्या दोन दिवसांत आणि सात दिवसांत कुठे वादळ जन्मण्याची किती शक्यता आहे. शक्यता ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नकाशावर पिवळा रंग, ४० ते ६० असेल तर नारिंगी, त्याहून जास्त असेल तर लाल. दोन-चार ओळींचा हा मजकूर फार कोरडा असतो. पण मला तो हवामानशास्त्रातला सर्वांत धाडसी लेखनप्रकार वाटतो. जे अजून झालेलंच नाही, बहुधा होणारही नाही, त्याबद्दल २० टक्के असं लिहून खाली सही करायची. मोसम संपला की पडताळा घ्यायचा: ज्यांना आपण ४० टक्के म्हटलं होतं, त्यांतली खरोखर दहातली चार झाली का? २०१० पासून हे आकडे लोकांपुढे मांडले जातात. सुरुवातीला फक्त दोन दिवसांचा अंदाज असायचा, मग पाच दिवसांचा आला, २०२३ पासून सात दिवसांचा.

पत्रक लिहिणारा माणूस चित्रात काय शोधत असतो? उष्ण कटिबंधातल्या अटलांटिकवर सगळं पूर्वेकडून वाहतं. शेकडो वर्षं शिडाची जहाजं याच वाऱ्यावर अमेरिकेला गेली. आता या पूर्वेकडच्या वाऱ्यात भोवरा पूर्ण झाला असेल, तर त्याच्या दक्षिण बाजूला वारा उलटा, म्हणजे पश्चिमेकडून वाहायला हवा. तसा वारा सापडला नाही, तर कितीही दाट ढग असोत, ती अजून लाटच आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा का होईना, पश्चिमेकडून येणारा वारा सापडला की तज्ज्ञ खुर्चीत सावरून बसतो. त्या एवढ्याशा उलट्या झुळकेवर सगळं ठरतं.

आणि तो मोजायचा कसा? भर समुद्रात ना जहाज, ना बेट. उपग्रहावरचं स्कॅटरोमीटर हे यंत्र समुद्रावर सूक्ष्मलहरी सोडतं. वाऱ्याने पाण्यावर उठलेल्या बारीक तरंगांवर आपटून त्या परततात आणि त्यांवरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढता येते. शेकडो किलोमीटर वरून पाण्यावरचे काही सेंटिमीटरचे तरंग वाचायचे! भारताच्या इस्रोने २००९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-२ वर असं यंत्र होतं. २०१२ मध्ये सँडी हरिकेन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे निघालं, तेव्हा त्याच्या वाऱ्यांचे नकाशे करायला अमेरिकी संस्थांनी या भारतीय उपग्रहाची मोजमापं वापरली.

ढगांच्या नुसत्या आकारावरून वादळाची ताकद सांगण्याची पद्धत व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात बसवली. ढगांची पट्टी मध्याभोवती किती गुंडाळली गेली आहे, ढगमाथे किती थंड आहेत, हे पाहून वादळाला टी-१ ते टी-८ असा क्रमांक द्यायचा. ढगमाथा जितका थंड तितका तो उंच पोचलेला, उणे ७०-८० अंशांपर्यंत. आपलं हवामान खातंही अरबी समुद्रातल्या आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांना याच पद्धतीने मोजतं.

ही नजर उपग्रहांच्या फार आधीची आहे. १८७० मध्ये बेनितो विन्येस नावाचा स्पॅनिश जेसुइट पाद्री हवानाच्या बेलेन वेधशाळेचा प्रमुख झाला. त्याच्याकडे दाबमापक, वारादर्शक आणि स्वतःचे डोळे होते. खूप उंचावरचे पिसांसारखे पांढरे तंतुमेघ वादळाच्या माथ्यावरून चहू दिशांना बाहेर पडतात, हे त्याने हेरलं. हे तंतू क्षितिजावर जिथे एकत्र आल्यासारखे दिसतात, त्या दिशेला वादळाचा मध्य असतो. म्हणजे निळ्या आकाशाखाली, वारा शांत असताना, शेकडो किलोमीटरवरच्या वादळाकडे बोट दाखवता येत होतं. ११ सप्टेंबर १८७५ रोजी त्याने वादळाचा इशारा छापून आणला, आणि दोन दिवसांनी ते वादळ क्यूबाच्या दक्षिण भागावर आलं.

विन्येस १८९३ मध्ये वारला, पण क्यूबातल्या त्याच्या परंपरेत तयार झालेले निरीक्षक होते. सप्टेंबर १९०० मध्ये एक वादळ क्यूबावरून गेलं, तेव्हा ते टेक्सासच्या दिशेने जाईल असं त्यांचं मत होतं. अमेरिकी हवामान विभागाला ते ईशान्येकडे वळेल असं वाटत होतं, आणि त्याने क्यूबातून येणाऱ्या हवामानाच्या तारांवर बंदी घातली होती. ८ सप्टेंबरला ते वादळ टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन शहरावर आलं. मृतांचा सर्वसाधारणपणे मानला जाणारा आकडा आठ हजार आहे. वादळ ओळखणारे डोळे होते, त्यांचं म्हणणंच पोचू दिलं नाही. हे वाचून सव्वाशे वर्षांनंतरही राग येतो.

१९४३ मध्ये जोसेफ डकवर्थ या वैमानिकाने त्याच गॅल्व्हेस्टनजवळ एका साध्या प्रशिक्षण विमानातून हरिकेनच्या डोळ्यात शिरून परत येऊन दाखवलं. आज मिसिसिपीतल्या बिलॉक्सीहून हवाई दलाची खास तुकडी हेच काम करते. लोकांना माहीत असतं ते डोळ्यात शिरणारं विमान. पण वादळ झालंय की नाही याचीच शंका असताना ते विमान काहीशे मीटरच्या उंचीवरून, पावसाच्या सरींखालून, तो पश्चिमेकडचा वारा शोधत तासन्‌तास फिरतं आणि कधी कधी काहीही न सापडता परत येतं.

आता आपल्याकडे पाहू. जुलै-ऑगस्टमध्ये अटलांटिक हळूहळू जागा होत असतो, पाणी अरबी समुद्रातही कोमट असतं, मग कोकणावर त्या दिवसांत चक्रीवादळं का येत नाहीत? उत्तर आपल्या डोक्यावरच आहे. खाली मोसमी वारे नैऋत्येकडून जोराने येत असतात आणि वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा प्रचंड वेगवान झोत भारतीय द्वीपकल्पावरून थेट आफ्रिकेपर्यंत वाहत असतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये या झोताचं वर्णन केलं. खालचे आणि वरचे वारे असे विरुद्ध, त्यामुळे शिअर इतका मोठा की भोवरा उभाच राहत नाही. म्हणून आपली वादळं पावसाळ्याच्या उंबरठ्यावर येतात: मे-जूनमध्ये, किंवा पाऊस परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. निसर्ग वादळ आठवावं. ३१ मे २०२० रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, १ जूनला डिप्रेशन, २ जूनला चक्रीवादळ, आणि ३ जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर. श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्यांतली नारळी-पोफळी आडवी झाली ती पहिल्या चाहुलीपासून चौथ्या दिवशी. दिल्लीहून हवामान खातंही रोज असंच पत्रक काढतं आणि वादळ जन्मण्याची शक्यता शून्य, कमी, मध्यम की जास्त, हे त्यात लिहिलेलं असतं. होडी आत न्यायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला त्यातला एक शब्द पुरतो.

एवढं सगळं हाताशी असूनही हवा अजून चकवते. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ओटिस हे एक साधं वादळ होतं. जवळजवळ सगळ्या संगणकी प्रारूपांनी ते फारसं वाढणार नाही असं दाखवलं होतं. एका दिवसात ते पाचव्या श्रेणीचं झालं आणि मध्यरात्रीनंतर अकापुल्कोवर कोसळलं. शहराला तयारीला जेमतेम काही तास मिळाले. वादळ कुठे जाईल हे आता बऱ्यापैकी सांगता येतं. कोणत्या घटकेला ते उसळी घेईल, हे सांगणं अजून फार कठीण आहे.

आणि ज्या लाटांचं काहीच होत नाही, त्या सगळ्याच संपतात असंही नाही. पहाऱ्याखालच्या प्रत्येक ढगपुंजाला ९० ते ९९ मधला एक क्रमांक दिलेला असतो, अटलांटिकमध्ये असेल तर पुढे एल हे अक्षर. अशी एखादी लाट कॅरिबियन ओलांडते, निकाराग्वा किंवा पनामाच्या डोंगरांवर पाऊस सांडते आणि एक दिवस पॅसिफिकच्या पाण्यावर उतरते. तिथे पाणी पुन्हा कोमट मिळतं, वरचे वारे कधी कधी मंद असतात. दारफूरच्या डोंगरांवर एका दुपारी सुरू झालेल्या त्या हालचालीला पश्चिम मेक्सिकोच्या नकाशावर नवा क्रमांक मिळतो, एल जाऊन ई हे अक्षर येतं, आणि मायामीतलेच तज्ज्ञ पुन्हा लिहितात: पुढच्या सात दिवसांत शक्यता १० टक्के.